गाण्यामागची घरघर

यंत्र जितकें नवें तितकें तें निर्दोष, अशी समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही पुष्कळ आढळते. आजोबांच्या रेडिओची खरखर घरच्या मंडळींनीं निमूटपणें सोसली, कारण ती आभाळांतून येते हें सर्वांस ठाऊक होतें. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. त्या काळच्या रेडिओवर दूर रानांत वीज चमकली तरी गाण्यांत "खर्र" असा आवाज उठे, आणि ओटीवरचीं माणसें पावसाचा अंदाज बांधीत. आतां गाणें आंकड्यांच्या रूपानें घरांत येतें. मोबाइल, लॅपटॉप किंवा दूरचित्रवाणीचा संच यांतून तें निघतें, ॲम्प्लिफायरमध्यें त्याला बळ येतें आणि स्पीकरांतून तें बाहेर पडतें. आभाळाच्या खरखरीस येथें वाव उरलेला नाहीं. मग आलाप थांबतांच मागून जी मंद, अखंड घरघर ऐकूं येते ती कोठली?

"यंत्र बिघडलें" हें या प्रश्नाचें नेहमींचें उत्तर. त्यावर दुरुस्ती होते, पुढें नवें यंत्रही येतें, आणि पुष्कळदां नव्या यंत्रांतून तीच जुनी घरघर ऐकूं येऊं लागते. आमचें म्हणणें असें कीं, ही घरघर बहुधा यंत्राची नसतेच. ती घराची असते. घरांतील विजेची मांडणी कशी आहे, जमिनीशीं तिचा संबंध नीट आहे कीं नाहीं, याची ती खूण असते. ती लक्ष देऊन ऐकिली तर घरांतील एखादें न्यून वेळींच ध्यानांत येतें. कसेंबसें तिचें तोंड दाबलें तर तेंच न्यून एखादे दिवशीं जिवावर बेतूं शकतें. म्हणून या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयास आम्ही आज येथें जागा देत आहों.

ध्वनि आंकड्यांत मांडण्याची कल्पनाच मुळीं गोंगाटाच्या त्रासांतून निघाली. ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानें १९३७ सालीं ती मांडली, तेव्हां त्याच्यापुढें प्रश्न होता तो लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा. तारेवरून जातां जातां बोलणें क्षीण होई. म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं तें मोठें करावें लागे, आणि बोलण्यांत मिसळलेली खरखरही त्याबरोबर मोठी होई. रीव्ह्जचा तोडगा निरोपाच्या उदाहरणानें सहज समजेल. एखादा निरोप दहा जणांच्या तोंडून गेला तर शेवटीं तो ओळखूंही येत नाहीं. परंतु "पांच नारळ, तीन उपरणीं" असें चिठ्ठीवर लिहून दिलें, तर चिठ्ठी वाटेंत मळली, चुरगळली, तरी आंकडा वाचतां येतो तोंवर निरोप जसाचा तसा पोंचतो. ध्वनीचेंही तसेंच. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर डाव्या व उजव्या बाजूच्या ध्वनीचें माप दर सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन आंकड्यांनीं नोंदलेलें असतें. तारेवरच्या किरकोळ मळानें हे आंकडे बदलत नाहींत.

यावरून एक मोठी सोईची कसोटी हातीं लागते. आंकडा एक तर बरोबर वाचला जातो, नाहीं तर चुकतो. चुकला तर गाणें मध्येंच तुटतें, ठेचकाळतें, "टक्" असा आवाज होतो. गाणें अखंड चालू आहे आणि त्याच्यामागें घरघर आहे, असें असेल तर दोष आंकड्यांचा नव्हे. आंकड्यांचा पुन्हां विजेचा लहरता प्रवाह होतो, त्या ठिकाणापासून स्पीकरापर्यंतच्या वाटेंत, किंवा त्या वाटेला वीज पुरविणाऱ्या मांडणींत, तो शोधला पाहिजे.

वैद्य लक्षणें पाहून रोग ओळखतो. येथें लक्षणें कानानें ओळखावयाचीं. पहिला आवाज "घूं", खोल आणि सारखा. आपल्या देशांत घरांत येणारी वीज सेकंदास ५० आंदोलनें करिते. तिचा हा सूर. पुष्कळदां त्याची दुप्पट, म्हणजे १००, आंदोलनेंही त्यांत असतात. पेटीवर पाहूं गेल्यास खालच्या सप्तकांतील पांढरी पांचच्या निकट, परंतु तिच्याहून किंचित् चढा असा हा सूर पडतो. काळी एकमध्यें लागलेल्या तानपुऱ्यामागें असा एक परका, कधींही न जुळणारा तानपुरा अखंड वाजत राहिला तर जाणत्या कानास तो कां बोंचतो, हें निराळें सांगावयास नको. दुसरा आवाज "किर्र" किंवा "झर्र", घूंपेक्षां बोचरा. तो इन्व्हर्टर, एलईडी दिवे, पंख्याचे रेग्युलेटर व चार्जर यांचा. तिसरा "सूं", दूरच्या धबधब्यासारखा; तो बहुधा आवाजाच्या खुंट्या अयोग्य प्रमाणांत ठेविल्यामुळें होतो. चौथा "टक्-टक्" आणि मध्येंच तुटणें. तो आंकड्यांचा दोष. ब्ल्यूटूथच्या लहरी, वायफायच्या पुष्कळशा लहरी व मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरी जवळजवळ एकाच पट्ट्यांत येतात, त्यामुळें त्यांची गर्दी झाली म्हणजे असें घडतें. ॲम्प्लिफायरजवळ ठेविलेला मोबाइल, विशेषतः जुन्या टूजी जाळ्यावर चालणारा, फोन येण्याच्या आधीं "टर्र-टर्र" करितो. तो दोन हात दूर ठेविला कीं काम झालें.

आतां ही परीक्षा प्रत्यक्ष घरांत कशी करावी हें सांगण्यासाठीं आम्ही मुद्दाम पुण्यामुंबईचें घर न घेतां भामरागडचें घेतों. चंद्रपूर जिल्ह्यांतून १९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या टोंकाला, आलापल्लीहून साठ-पासष्ट किलोमीटर रानांतून गेल्यावर हें तालुक्याचें गांव लागतें. पामुलगौतमी, इंद्रावती व पर्लकोटा या तीन नद्या तेथें मिळतात. शेजारींच हेमलकसा, तेथें २३ डिसेंबर १९७३ रोजीं लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला, तेव्हां वीज नव्हती, आणि रुग्णसेवा कंदिलाच्या उजेडांत चाले. आतां वीज आहे. परंतु रानांतून लांबवर आलेल्या तारांवर फांदी पडते, वादळ होतें, आणि पुरानें रस्ता अडला तर दुरुस्तीही अडते. २०१९ च्या पावसाळ्यांत भामरागडांत वारंवार पाणी शिरलें होतें. म्हणून शिक्षक, डॉक्टर, वनखात्याचे वा तहसील कचेरीचे नोकर यांच्या घरांतून इन्व्हर्टर आणि छपरावरील सौर पट्ट्या या चैनीच्या वस्तु नव्हत, गरजेच्या होत. अशा घरांत एकच गाणें ऐकावयास किती विजा एकत्र येतात पाहा: ॲम्प्लिफायर एका भिंतीवरच्या प्लगवर, लॅपटॉप दुसऱ्या भिंतीवरच्या, इन्व्हर्टरच्या फांट्यावर, आणि दूरचित्रवाणीच्या संचाला छपरावरच्या डिशची तार. शहरांतील घरांत हेंच सारें थोड्या सौम्य रूपांत असतें. येथें तें स्पष्ट दिसतें इतकेंच.

घूं-घूंचें मूळ बहुधा या अनेकपणांत असतें. दोन विहिरींच्या पाण्याची पातळी सहसा एक नसते; त्या नळानें जोडल्या कीं एकीचें पाणी दुसरीकडे वाहूं लागतें. तसेंच दोन यंत्रें दोन वेगळ्या वाटांनीं जमिनीशीं जोडलेलीं असलीं कीं त्या वाटांवरील विजेची पातळी किंचित् वेगळी असते. गाण्यासाठीं आपण त्या दोन यंत्रांमध्यें तार जोडितों, आणि तिच्या बाहेरच्या आवरणांतून हा फरक वाहूं लागतो. ॲम्प्लिफायरला गाणें कोणतें आणि हा प्रवाह कोणता, हें कळत नाहीं; तो दोन्ही मोठीं करितो.

परीक्षेचा क्रम असा ठेवावा. तार काढण्या-जोडण्यापूर्वीं ॲम्प्लिफायरचा आवाज दर वेळीं अगदीं खालीं आणावा. प्रथम गाण्याच्या सर्व तारा काढून फक्त ॲम्प्लिफायर व स्पीकर चालू करावे. घरघर तशीच राहिली तर दोष ॲम्प्लिफायरांत किंवा त्याला मिळणाऱ्या विजेंत. गेली तर जोडलेल्या यंत्रांपैकीं एकांत. मग मोबाइल, चार्जरला न लावितां, केवळ स्वतःच्या बॅटरीवर जोडावा. त्याचा जमिनीशीं कांहीं संबंध नसतो. म्हणून या वेळीं शांतता असेल तर ॲम्प्लिफायर निर्दोष ठरला. पुढें लॅपटॉप असाच बॅटरीवर जोडावा, आणि गाणें चालू असतांना त्याचा चार्जर लावावा. त्या क्षणीं घरघर सुरू झाली तर चोर सांपडला. शेवटीं दूरचित्रवाणीचा संच. तो जोडतांच घूं उठला तर संच बंद करून डिशची तार काढावी आणि पुन्हां ऐकावें. किर्र आवाजासाठीं मात्र यंत्रांपेक्षां घर तपासावें: एक एक दिवा, एक एक पंखा बंद करीत जावें. फिरत्या खुंटीचे कांहीं रेग्युलेटर विजेची लाट कापून पंखा मंद करितात, आणि ती कापलेली लाट घरभर किरकिरते. वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला कीं किरकिर वाढते काय, हेंही पाहावें. स्वस्त इन्व्हर्टरांतून निघणारी लाट गोलाईची नसून चौकोनी पायऱ्यांची असते. "साइन वेव्ह" जातीच्या इन्व्हर्टरांत हा दोष पुष्कळ कमी.

या कामीं एकत्र कुटुंब हें मोठेंच साधन आहे. एकानें खटक्यापाशीं उभें राहावें, एकानें स्पीकरापाशीं कान द्यावा, एकानें कागदावर टिपावें. एका वेळीं एकच बदल करावा, हा नियम मात्र कोणीं मोडूं नये. शिवाय सर्व वयांचे कान एके ठिकाणीं मिळतात. वय वाढतें तसे उंच स्वर ऐकूं येईनासे होतात. खालचे त्या मानानें टिकतात. म्हणून चार्जरची बारीक शिट्टी आठ वर्षांच्या नातवास ऐकूं येते आणि आजोबांस येत नाहीं. "कांहीं तरी वाजतें आहे" अशी तक्रार मुलानें केली तर ती हूडपणा म्हणून झटकून टाकूं नये. उलट घूं-घूंविषयीं आजोबांचा शब्द प्रमाण मानण्यास हरकत नाहीं.

दोष सांपडल्यावर उपाय फार खर्चाचे नसतात. गाण्यासंबंधींचीं सर्व यंत्रें एकाच भिंतीवरच्या एकाच चांगल्या बोर्डावर घ्यावीं. त्यांस वीज थोडी लागते, तेव्हां भाराची भीति नाहीं. पाण्याची मोटर किंवा इस्त्री त्याच बोर्डावर नसावी. गाण्याच्या तारा विजेच्या तारांबरोबर जुडीनें बांधूं नयेत; एकमेकींस ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडाव्या. दूरचित्रवाणीच्या संचास व ॲम्प्लिफायरला "ऑप्टिकल" तारेची सोय असेल तर ती वापरावी. तोशिबा कंपनीनें १९८३ सालीं प्रचारांत आणिलेल्या या तारेंतून आंकडे प्रकाशाच्या रूपानें जातात. यंत्रांमध्यें धातूचा सांधाच राहत नाहीं, म्हणजे दोन विहिरींमधला नळच निघाला. ती सोय नसेल तर "ग्राउंड लूप आयसोलेटर" नांवाची लहानशी डबी गाण्याच्या तारेंत बसवितां येते. सूं आवाजासाठीं मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा आवाज बराच वर ठेवावा आणि कमीजास्त करणें तें ॲम्प्लिफायरच्या खुंटीनें करावें. यंत्राची पेटी मात्र घरीं उघडूं नये. प्लग काढल्यानंतरही आंत कांहीं काळ विजेचा सांठा राहतो.

आतां ज्या उपायाविषयीं आरंभीं सूचना दिली त्याकडे येतों. तीन दांड्यांच्या प्लगमधील वरची जाड दांडी काढून टाकिली, अथवा मध्यें दोन दांड्यांचा जोड घातला, कीं घरघर एकदम थांबते. कोणी शेजारी ही युक्ति सांगतो, आणि ती लागू पडते म्हणूनच घातक आहे. ती दांडी जमिनीची. इतर दोन दांड्यांपेक्षां ती लांब व जाड केलेली असते, ती अशासाठीं कीं प्लग लावितांना जमिनीशीं संबंध प्रथम जुळावा व काढतांना शेवटीं तुटावा. यंत्राच्या आंत एखादी तार सुटून धातूच्या पेटीस लागली तर वीज या वाटेनें जमिनींत जाते आणि फ्यूज किंवा खटका पडून धोका टळतो. ही वाट तोडली कीं वीज पेटीवर वाट पाहत बसते. आणि ओल्या पायांनीं, फरशीवर उभ्या असलेल्या ज्या माणसाचा हात प्रथम पेटीस लागेल, त्याच्यांतून ती जमिनीकडे जाते. गाणें लावण्यासाठीं घरांत प्रथम हात कोणाचा जातो, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

कित्येक घरांत, विशेषतः भाड्याच्या व घाईनें बांधलेल्या खोल्यांत, भिंतीवर तिसरें भोंक असतें पण मागें तार नसते. अशा ठिकाणीं लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट फिरविलें कीं मुंग्या आल्यासारखें वाटतें, आणि ॲम्प्लिफायर घूं-घूं करितो. हीं दोन्ही चिन्हें एकत्र दिसलीं कीं गाणें बाजूस ठेवून परवानाधारक तारतंत्रीस बोलवावें, आणि अर्थिंग आहे कीं नाहीं, असल्यास तिचा विरोध किती, हें यंत्रानें मोजून घ्यावें. खडकाळ आणि कोरड्या जमिनींत हा विरोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यांत कोळसा व मीठ घालण्याची आणि उन्हाळ्यांत त्यांत पाणी ओतण्याची पद्धत आहे. पावसाळ्यांत मोजलेलें माप समाधानकारक असलें तरी वैशाखांत तें तसें राहतेंच असें नाहीं. परीक्षा वैशाखांतच करावी. त्याच खेपेस ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी खटका बसवून घ्यावा. विजेचा थोडासा प्रवाह भलत्या वाटेनें जाऊं लागतांच हा खटका क्षणार्धांत घराची वीज तोडतो. मात्र तो आहे म्हणून अर्थिंग नको, असें कोणीं समजूं नये.

अर्थिंग चांगली असली तरी आभाळांतल्या विजेपुढें ती पुरी पडेल असा भरंवसा धरूं नये. विदर्भांत वळिवाचे ढग दुपारीं जमूं लागले कीं नुसता खटका बंद करून भागत नाहीं. प्लग भिंतीतून काढावा, डिशची तारही काढावी, आणि हें सर्व गडगडाट डोक्यावर येण्यापूर्वीं करावें. वादळ माथ्यावर आल्यानंतर तारांस हात लावूं नये.

आणखी एका कामासाठीं घराची ही शांतता हवी. गाणें ऐकतांना मागें घरघर असली तर ती उद्यां दुरुस्त करतां येईल. आवाज मुद्रित करून ठेवितांना ती आंत शिरली तर त्या मुद्रणांत ती राहिलीच. नंतर गाळण्याचे उपाय आहेत, पण घरघरीबरोबर ते आवाजाचा खर्जही थोडा खरवडून नेतात. हेमा रायरकर व गी प्वातवँ यांच्या खटाटोपानें जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. घरोघरच्या आज्यांपाशीं अद्याप न टिपलेल्या किती असतील! भामरागडच्या परिसरांत माडिया मंडळींचीं रेला गीतें आहेत. घरांत कामास येणाऱ्या बाईंस, शाळेंतल्या मुलींस तीं येतात. त्यांची संमति घेऊन तीं टिपावयाचीं असतील, किंवा आपल्याच आजींचा आवाज ठेवावयाचा असेल, तर मोबाइल चार्जरवरून काढावा, पंखा व फ्रिज घटकाभर बंद करावे, दारें लोटावीं, आणि कोणीं कांहीं गाण्यापूर्वीं रिकाम्या खोलीचें अर्ध्या मिनिटाचें मुद्रण करून तें कानाला लावून ऐकावें. त्यांत कांहींच ऐकूं आलें नाहीं, म्हणजे आजींस सुरू करावयास सांगावें.